गाडीला आईचं नाव

“आई गेली तेव्हा तिचा हात माझ्या हातात होता. हे वाक्य घ्यायचंच,” मालक म्हणाले आणि त्यांनी रुमालानं डोळे टिपले.

बाईंनी ते लिहून घेतलं. कंपनीच्या गाड्यांना नावं शोधायची आणि नावामागची गोष्ट रचायची, हे त्यांचं काम. वाळवंटातला वारा, आटून गेलेली नदी, कुठल्याशा जमातीच्या भाषेतलं स्वातंत्र्य. नाव आधी ठरायचं, अर्थ मागाहून चिकटवला जायचा. थापांवर त्यांचं पोट चाललं होतं, त्याबद्दल तक्रार नव्हती. पण जिवंत आईला मारून गाडी विकायची?

म्हातारी वृद्धाश्रमात असते, हे मालकांचा ड्रायव्हरच एकदा बोलून गेला होता.

“नाव नक्की आईचंच ठेवायचं?”

“मग कुणाचं? तिनं वाढवलं मला.”

बाईंना शिसारी आली.

मजकूर संध्याकाळी छपाईला जायचा होता. बाई दुपारीच वृद्धाश्रमात पोचल्या. म्हातारीनं लेखी हरकत घेतली, की कंपनीचे वकील नाव छापूच देणार नाहीत. नोकरी गेली तर गेली.

मालकांचं नाव सांगताच परिचारिकेनं खोली दाखवली. खोली लख्ख होती. भिंतीवर फोटोच फोटो, सगळे म्हातारीच्या तरुणपणचे. ती खिडकीशी बसून नखं रंगवत होती.

“मुलगा येतो का हो भेटायला?”

“तो कशाला येतोय? त्यानं यावं असं मी केलंय तरी काय त्याच्यासाठी!”

बाईंना भरून आलं. असल्या माउलीच्या पोटी हा धोंडा!

“आजी, तुम्ही वारलात असं सांगून ते तुमच्या नावानं गाडी विकणार आहेत.”

“वारले? म्हणजे सुटलाच की बिचारा,” म्हातारी हसली. “आणा बघू, कशी आहे गाडी.”

बाईंनी जाहिरातीचा नमुना पुढे केला. “माझी हरकत आहे, एवढंच लिहा खाली. पुढचं मी बघते.”

म्हातारीनं चष्मा चढवला. चकचकीत लाल गाडी, वर ठसठशीत अक्षरांत नाव. तिनं ते एकदा वाचलं, पुन्हा वाचलं. मग मेलेली पाल उचलावी तसा कागद दोन बोटांत धरून बाईंच्या मांडीवर टाकला.

“शी! हे तर आमच्या मोलकरणीचं नाव.”