गमत नाही

डबा तिपाईवर ठेवून रंगराव दाराच्या चौकटीला टेकला.

"पाठ कशी हाये बे?"

"तशीच," कचरू पडल्या पडल्या म्हणाला. "बस ना."

"नाही बे. एकदा बसलो का मंग उठवत नाही."

हमालाचं दमणं कचरूला सांगायला नको होतं. मोताळ्याच्या धान्य बाजारात दोघांनी जन्मभर पोती वाहिली होती. सोयाबीनच्या हंगामात थप्पीला पोतं लावताना कचरूच्या कमरेत कट्‌कन काहीतरी तुटलं. डोळे उघडले ते दवाखान्यात. घरी बायको नव्हती. लेक डिंपल सुरतेला दिलेली. तिचा फोन सणावाराला. खोलीचं दार उघडायचं ते फक्त रंगरावसाठी.

रोज संध्याकाळी तो यायचा, धुतलेला सदरा घालून. दारातूनच बाजार सांगायचा. तुरीची लय आवक हाये. उत्तमराव मुकादम खेकसून राह्यला. नव्या पोट्ट्यांले पोतं उचलता येत नाही.

आज मात्र जाताना तो घुटमळला.

"लवकर बाजारात ये बे. तुह्याबिगर गमत नाही."



तो गेल्यावर कचरू उठला. ताठ उभा राहिला, नळावरून पाणी आणलं, जेवून डबा घासून पालथा घातला. हे तो बऱ्याच दिवसांपासून करत होता. पाठीवर ओझं पुन्हा घेता येणार नव्हतं. पण चालता येत होतं, वाकता येत होतं. रंगरावला ते सांगितलं नव्हतं. बरा झालेल्या माणसाला भेटायला कोण येतं?

तिकडे तो एकटा राबतो, अन् आपण इथं सोंग घेऊन पडतो. आता पुरे, कचरूनं ठरवलं.

सकाळी तो चालतच बाजारात गेला. रंगरावला चकित करायचं होतं. गोदामाच्या तोंडाशी उत्तमराव भेटला.

"ओझं नाही होणार, मुकादम. पोती शिवतो. फक्त रंगरावच्या बाजूले बसू द्या."

उत्तमराव त्याच्याकडे बघतच राहिला.

"रंगराव कुठं हाये इथं?"

"काऊन? आज नाही आला का?"

"तू पडला तवा थप्पी तुह्यावर येऊन राह्यली होती, कचरू. ती त्यानं पाठीवर झेलली. तवापासून कमरेले पट्टा बांधून घरीच हाये तो."