सहाव्या अर्थाची तिसरी साक्ष

सहाव्या अर्थाला तिसरी साक्ष मिळत नव्हती, आणि सोमवारी शब्दकोशातला 'व्हाइल' हा इंग्रजी शब्द छापखान्यात जायचा होता.

क्लेमंट ॲशबीने टेबलावरची कार्डे पुन्हा एकदा लावून पाहिली. पाच अर्थांबद्दल वाद नव्हता. 'व्हाइल' म्हणजे थोडा वेळ. 'व्हाइल' म्हणजे वेळ मजेत घालवणे. एखादी गोष्ट चालू आहे तोवर, हा तर त्याचा रोजचा अर्थ. शिवाय 'जरी' आणि 'उलट'. या पाचांच्या पाठीशी कार्डांचे गठ्ठेच होते. सहावा अर्थ होता 'पर्यंत', आणि तो क्लेमंटच्या माहितीतल्या कोणी यॉर्कशरबाहेर ऐकलेला नव्हता. त्याच्या बाजूला दोनच कार्डे होती: एका कापडगिरणीच्या दारावरची 'नऊ व्हाइल पाच' ही पाटी, आणि एका मेंढपाळाच्या पत्रातली ओळ.

क्लेमंट इंग्लंडच्या दक्षिणेचा, सरे परगण्यातला, शिक्षणाने रसायनशास्त्रज्ञ आणि आता कोशाचा एक संपादक. 'चालू असेतो' आणि 'होईपर्यंत' हे दोन्ही अर्थ एकाच शब्दात असावेत, हे त्याला आम्ल आणि अल्कली एका बाटलीत सुखाने नांदण्यासारखे वाटे. यॉर्कशरमधल्या हॅलिफॅक्स गावच्या या कोशाचा नियम त्याच्या स्वभावाला मानवणारा होता. प्रत्येक अर्थाला तीन लेखी साक्षी हव्यात, आणि संपादकांच्या नातेवाइकांची साक्ष बाद. होऊ घातलेल्या नातेवाइकांचीसुद्धा.

चहाची ढकलगाडी घेऊन ॲक्रॉइडबाई आल्या. त्यांचा जन्म याच गावातला. पाद्रीबुवांपासून पोस्टमनपर्यंत सगळ्यांना त्या 'राजा' म्हणत. आज शनिवार, आपण बारा व्हाइल इथे आहोत, कप त्याआधी द्यावा, असे त्यांनी बजावले. बारा हा क्षण आहे, त्याला लांबी नसते, त्यामुळे बारा चालू असताना कोणालाही कोठेही असता येत नाही, असे क्लेमंटने सौजन्याने निदर्शनास आणले.

ॲक्रॉइडबाईंनी किटली खाली ठेवली. "आमच्याकडं व्हाइल म्हणजे पर्यंत, राजा. माझ्या भावाला डॉक्टरांनी सांगितलं होतं, ताप उतरला व्हाइल अंथरुणातून उठू नकोस. तुझ्यासारखा असता तर तापात नाचला असता, आणि उतरल्यावर झोपून राहिला असता."

क्लेमंटने ते वाक्य मनात एकदा सरळ वाचले, एकदा उलट. मग त्याने टेबलाचा खालचा खण उघडला.

खणात विनिफ्रेड सटक्लिफचे पत्र होते. विनिफ्रेड गावच्या वाचनालयात काउंटरवर बसे. दोन वर्षे दोघे दर रविवारी माळावर फिरायला जात. गेल्या नोव्हेंबरात क्लेमंटने तिला लग्नाचे विचारले. त्याच आठवड्यात तिचे वडील हॅरल्ड दवाने गोठलेल्या पायरीवरून घसरले आणि मांडीचे हाड मोडून पलंगाला खिळले. तिसऱ्या दिवशी पत्र आले: "बाबा हिंडते-फिरते आहेत व्हाइल मला लग्न करता येणार नाही. समजून घेशील ना?"

त्याने समजून घेतले. बाबा हिंडते-फिरते आहेत तोवर नाही, म्हणजे बाबा आहेत तोवर नाही, म्हणजे नाहीच. हिंडण्याफिरण्याची अट पलंगावर पडलेल्या माणसाला लावलेली पाहून तो क्षणभर थबकला होता. पण नकार तर्काला धरून असावा असा कोठे नियम नाही, असे म्हणून त्याने ते पत्र घडी घालून ठेवले आणि विषय पुन्हा काढला नाही.

त्यानंतर हॅरल्ड सटक्लिफ बरे होत गेले. फेब्रुवारीत कुबड्या आल्या, मार्चात काठी. मेपासून ते दर शनिवारी समोरच्या हिरवळीवर लाकडी गोळे घरंगळवण्याचा खेळ खेळू लागले, आणि क्लेमंट खिडकीतून पाहत राहिला. म्हाताऱ्याची पाठ जसजशी ताठ होई, तसतशी त्याची आशा वाकत जाई. वाचनालयात विनिफ्रेड अलीकडे त्याच्या पुस्तकांवर तारखेचा शिक्का असा आपटे, की दौत हादरावी. त्याने याचा संबंध शाईच्या दर्जाशी लावला होता.

आता जून होता. त्याने पत्र सहाव्या अर्थाने वाचले. बाबा हिंडते-फिरते होईपर्यंत. वाक्य पहिल्यांदाच शहाण्यासारखे वाटले.

टोपी खुंटीवरच राहिली. वाचनालय बंद व्हायला दहा मिनिटे होती आणि काउंटरपुढे दोन बायका पुस्तके घेऊन उभ्या होत्या. क्लेमंटने त्यांची माफी मागितली, पत्र विनिफ्रेडपुढे ठेवले, आणि त्यातल्या एका शब्दावर बोट टेकून तो नेमक्या कोणत्या अर्थाने वापरला आहे, एवढेच विचारले.

विनिफ्रेडने पत्र पाहिले. मग त्याच्याकडे पाहिले. तिला उलगडायला त्याच्याहून पुष्कळच कमी वेळ लागला.

"बाबा मार्चपासून हिंडताहेत, क्लेमंट," ती म्हणाली. "वाट बघून पाय मोडले ते माझे."

मागची बाई दुसरीला म्हणाली की दक्षिणेकडची माणसं शिकलेली असतात खरी. क्लेमंटने नोव्हेंबरातला प्रश्न तिथेच, शिक्के आणि दौतींच्या साक्षीने, पुन्हा विचारला. विनिफ्रेडचा चेहरा फुलला आणि तिने तोंड उघडले.

तेवढ्यात त्याला कोशाचा नियम आठवला. त्याने पत्रावर, म्हणजे तिसऱ्या साक्षीवर, घाईने हात ठेवला.

"थांब," तो म्हणाला. "सोमवार व्हाइल 'हो' म्हणू नकोस."