बाहेरून लावलेली कडी

“मग खरा पापी कोण?” शिवमूर्ती सरांनी विचारलं.

लातूरच्या त्या कॉलेजात बी.ए.ला इंग्रजी घेतलेले अकराच जण. बाकी शहर डॉक्टर-इंजिनिअर व्हायला क्लासेसना पळत होतं. सर शिकवत होते ती जुनी कादंबरी एका कडक धर्मनिष्ठ वस्तीची होती. पाप दोघांचं, बाईला भर चौकात उभं केलं, पुरुष गर्दीत लपला. पोरांनी गाइडातली उत्तरं दिली.

मग गुरम्मा उठली. छत्तीस वर्षांची, दवाखान्यात आया, नोकरी सांभाळून शिकणारी. सरांच्याच गावची. जूनपासून सरांनी तिच्याकडं नीट पाहिलंसुद्धा नव्हतं.

“चौकातली बाई सुखी, सर,” ती म्हणाली. “तिला लपवायचं काही उरत न्हाई. लपलेल्याला रोज मरावं लागतं. मला त्याचीच कीव येते.”

सरांच्या हातातला खडू थांबला.

त्र्याण्णवचा भूकंप झाला त्या रात्री गुरम्मा सासूशी भांडून भावाच्या घरी निघून गेली होती. नवरा परगावी होता. सकाळी म्हातारी मातीखाली, दाराशीच सापडली. दाराला बाहेरून कडी. सुनेनं कोंडून मारलं, असं गाव म्हणालं. गुरम्मानं कधी नाही म्हटलं नाही. पुढं त्याच गावची म्हातारी माणसं लातूरला दवाखान्यात आली, की तीच त्यांना हाताला धरून फिरवायची, घरून डबा आणायची. सर हे ऐकून होते. तिच्या धीराचं त्यांना चौदा वर्षं नवल वाटत होतं, आणि चौदा वर्षं ते गप्प होते.

त्यांनी पुस्तक मिटलं.

“वहिनी,” अकरा जणांसमोर ते म्हणाले, “कडी मी लावली. गणपती बुडवून येत होतो. सोळा वर्षांचा होतो. गंमत म्हणून लावली. सकाळी काढणार होतो.”

गुरम्मा बाकांमधून पुढं आली आणि तिनं त्यांना खुर्चीवर बसवलं.

“तुम्ही लेकरू होता, सर,” ती म्हणाली. “भावाकडं निघताना मी कोपऱ्यावर उभी राहून बघत होते. रागात होते. म्हटलं, राहू दे म्हातारीला सकाळपर्यंत कोंडून.”