दुसरी विहीर

आमच्या महारवाड्यानं चार महिने खपून खोदलेली विहीर गावानं भरदिवसा दगड टाकून बुजवली. गोऱ्या साहेबाकडं अर्ज केला, तर त्यानं चौकशी उकंडराव पाटलाकडंच सोपवली. मग आम्ही दुसरी खोदायला घेतली. आज पंधरा हात खाली मी एकटा होतो. वर बायको मातीच्या टोपल्या ओढत होती. एकाएकी वरच्या वाटोळ्या आभाळाभोवती डोकी जमली. हातात दगड होते. "काऊन बे कडूबा, एक बुजवली तरी अक्कल नाही आली तुले?" पाटलानं विचारलं. भीतीनं माझं धोतर ओलं झालं. लपायला जागाच नव्हती. "वर येतो, मालक," असं मी म्हणणारच होतो, तेवढ्यात बायको दोन्ही पाय आत सोडून काठावर बसली. "टाका दगड, पाटील. पयले माह्या डोक्यात टाका." तिचे पाय माझ्या डोक्यावर लटलटा कापत होते. मी कुदळ उचलली आणि तळाच्या मातीत घातली.