तो आणि हे

"ताई, तो घरातच असतो गं. दिवसभर काही नाही. संध्याकाळी दार लागलं की सुरू होतो," निधी गेल्या रविवारी म्हणाली होती. चर्चच्या पायऱ्यांवर, उपासना सुटल्यावर, कडेवरचं बाळ थोपटत. सुचेताने तिचा हात दाबला. "घाबरू नकोस. येशूच्या नावात बांधून टाकू त्याला," म्हणाली आणि आपल्या लेकीच्या, आर्याच्या दुधाची बाटली शोधायला वळली.

चर्चच्या मंडळीत 'तो' म्हणजे सैतान, हे लहान पोरालाही कळतं. आणि नवऱ्याला निधी कायम 'हे' म्हणायची. बरोबरीच्या मुली नवऱ्याला नावाने हाक मारतात, निधी नाही. हे ऑफिसला गेलेत. ह्यांना कॉफी कडक लागते.

आज शनिवारची उपवास-प्रार्थना. व्हिडिओ कॉलवर, सगळे आपापल्या घरून. चालवतो निधीचा नवरा, रविकिरण. आवाज असा की ऐकणाऱ्याच्या डोळ्यांत पाणी यावं. तो हॉलमधल्या खुर्चीत बसला होता, मागे बेडरूमचं बंद दार. निधी दुसऱ्या चौकटीत, बाळाला मांडीवर घेऊन पलंगावर. "बाळ गडबड करतं, म्हणून ती आतल्या खोलीतून जोडली आहे," रविकिरण म्हणाला. "चला, डोळे मिटू या."

सगळ्यांनी मिटले. महादेवपुऱ्यातल्या आपल्या फ्लॅटमध्ये जमिनीवर बसलेल्या सुचेताने नाही. आर्या नुकती रांगायला लागली होती आणि प्लगच्या भोकांवर तिचं फार प्रेम. त्यामुळे सुचेताची प्रार्थना हल्ली उघड्या डोळ्यांनीच चालायची.

निधीची पाळी आली.

"प्रभू, माझ्या लेकराला वाचव. तो दाराबाहेरच बसलाय."

"आमेन!" चौकटीचौकटींतून आवाज उठले. मंडळीतल्या सगळ्यांत वडीलधाऱ्या सकवारबाई तर ओरडल्याच, "बांध त्याला, प्रभू! हलू देऊ नकोस!"

"त्याने सांगितलंय, आज प्रार्थना संपली की..."

"आमेन," रविकिरण म्हणाला. त्याचे डोळे उघडे होते.

सुचेताची नजर त्याच्या मागच्या दारावर गेली. दाराला कडी होती. हॉलच्या बाजूने. आणि ती लावलेली होती.

"इको येतोय," तो मऊ आवाजात म्हणाला आणि निधीचा माइक बंद झाला. तिचे ओठ हलतच राहिले.

मग तो उठला. रिकामी खुर्ची दिसली. कडी सरकल्याचा आवाज आला. बाळ एकदाच रडलं. त्याच्या फोनमधून ऐकू आलं, तिच्या नाही. निधीची चौकट काळी झाली. कुणीच डोळे उघडले नाहीत. सकवारबाई शत्रूला झाडत होत्या, "नीघ म्हणते ना! नीघ त्या घरातून!"

रविकिरण परत येऊन बसला. मागे कडी पुन्हा लागलेली. शर्टाची बाही सारखी करत म्हणाला, "निधीचं नेटवर्क गेलं. पुढची विनंती?"

"ब्रदर," सुचेताने माइक चालू केला, "निधीला जरा तुमचा फोन द्या ना. तिचं अर्धंच राहिलं."

"उपवासाने थकली आहे ती." तो हसला. "सिस्टर, तुमचे डोळे उघडे होते वाटतं?"

आणि सुचेता कॉलमधून बाहेर फेकली गेली. पुन्हा जोडायला गेली तर आत घेईना. निधीला फोन लावला, फोन बंद.

प्रार्थना आटोपेपर्यंत सकवारबाईंनी फोन उचलला नाही. उचलला तेव्हा सगळं ऐकून म्हणाल्या, "अगं, असा प्रार्थनावीर माणूस! दाराला कडी असायचीच. शत्रू आता तुझ्या मनात संशय पेरतोय बघ. गुडघ्यावर जा आधी."

"निधी नवऱ्याला काय म्हणते हो?"

"काय म्हणणार? हे म्हणते. वळण आहे पोरीला."

"आज ती 'तो' म्हणाली."

"ते सैतानाला, बाई!"

"सैतानाला कडी लागते का, सकवारबाई?"



आर्याला उचलून सुचेता मिळेल त्या टॅक्सीत बसली. गाडी टिन फॅक्टरीच्या चौकात अडकली आहे. ड्रायव्हर म्हणतो, "स्वल्प थांबा अक्का, सुटेल थोड्या वेळात." केव्हापासून हेच म्हणतोय. पोलिसांना फोन झाला. काय घडलं, असं त्यांनी विचारलं. एका बाईचा माइक बंद झाला, एवढंच तिला सांगता आलं. बघतो म्हणाले. मंडळीच्या ग्रुपवर लिहावं, तर ग्रुपचा अ‍ॅडमिन रविकिरण. ती प्रार्थना करतेच आहे, डोळे समोरच्या लाल दिव्यांवर ठेवून. पण निधीचं घर राजाजीनगरला, लांब आहे, आणि तिकडचं तिच्या ओळखीचं कुणी नाही.

म्हणून ती तुम्हाला विचारते आहे. तुम्ही तिथे जवळपास राहत असाल तर जरा जाऊन याल का? हिरव्या गेटची इमारत, दुसरा मजला, दारावर पांढरा क्रूस. प्रार्थनेसाठी आलोय, असं म्हणू नका. तो लगेच आत घेईल, सतरंजी घालेल आणि डोळे मिटायला सांगेल. वाटीभर साखर मागा. तो आणायला वळला तर नको म्हणा.

निधीच्या हातूनच घ्या.