ऐन भाषणात

"कुठल्या गाढवानं बसवलं होतं हे?" भिंतीवरच्या राउटरकडे बोट दाखवत साहेबांनी विचारलं.

"मीच," नेट कंपनीची तंत्रज्ञ बाई म्हणाली आणि बॅग उघडून कामाला लागली.

साहेबांना ओशाळायची सवय नव्हती. खात्यातून निवृत्त होऊन त्यांना नऊ वर्षं झाली होती, पण रुबाब अजून नोकरीतच होता. निवृत्त कर्मचारी संघाचे ते अध्यक्ष होते. संघाची बैठक दर रविवारी अकरा वाजता कॉम्प्युटरवर भरायची. साहेब सगळ्यांचे नमस्कार स्वीकारायचे, घसा खाकरायचे आणि बोलायला लागायचे. ऐन रंगात आले की नेट जायचं. गेले सहा रविवार हेच चाललं होतं.

या सहा आठवड्यांत त्यांनी राउटर बदलून घेतला, वायर बदलून घेतली, राउटरच्या आड येणाऱ्या कपाटाची जागा बदलली. शेजारणीच्या ओव्हनमुळे लहरी अडतात असं कुठूनसं ऐकून तो ओव्हन रविवारी बंद ठेवायला लावला. त्यापायी शेजारीण बोलेनाशी झाली. बायकोला तर अकरा ते एक मोबाइलला हात लावायची मनाईच होती. बिचारी तेवढा वेळ स्वयंपाकघरात गुपचूप बसायची.

आज मात्र प्रकरण गंभीर होतं. आज बारा वाजता संघाची निवडणूक होती. मतदानाच्या वेळी बैठकीत जो हजर नसेल त्याचं नाव बाद, असा नियम होता. तो साहेबांनीच केला होता. मागच्या खेपेला त्यांच्याविरुद्ध उभा राहिलेला माणूस इस्पितळात पडून होता, तेव्हा.

तंत्रज्ञ बाईनं सगळं तपासलं. "लाइन चांगली आहे, साहेब. वेगही भरपूर आहे. गेल्या महिनाभरात नेट एकदाही गेलेलं दिसत नाही."

"मग मी काय खोटं बोलतोय? अगं, ऐन भाषणात जातं!"

"बैठक सुरू कोण करतं?"

"आमचा टायपिस्ट. या लिंका-बिंका पाठवणं हे काय अध्यक्षाचं काम आहे?"

या टायपिस्टकडून साहेबांनी एकेक पत्र सात-सात वेळा टाइप करून घेतलं होतं. एकदा त्याच्या मुलीच्या लग्नाच्या दिवशीसुद्धा. साहेब हा किस्सा अजूनही चारचौघांत सांगत. याला म्हणतात शिस्त, असं वर म्हणत.

"नेट जातं तेव्हा स्क्रीनवर काय येतं?" बाईनं विचारलं.

"येते कसलीशी पाटी. मी ओके दाबतो."

"वाचता का?"

साहेब हसले. "पस्तीस वर्षं सह्या केल्या आहेत मी. प्रत्येक कागद वाचत बसलो असतो तर खातं चाललं असतं का? तू आता कुठे जायचं नाहीस. इथंच बस आणि स्वतःच्या डोळ्यांनी बघ."

बाई बसली. अकरा वाजता स्क्रीनवर बावीस चौकटी उघडल्या. एका चौकटीत नुसता पंखा फिरत होता, एकात कुणीतरी शेंगा सोलत होतं. टायपिस्ट तेवढा व्यवस्थित बसला होता, केस विंचरून. साहेबांनी घसा खाकरला. "मित्रहो, मी नसतो तर हा संघ आज कुठे असता?" असा प्रश्न त्यांनी टाकला आणि उत्तरही स्वतःच द्यायला घेतलं. संघाचं झालं, खात्याचं झालं, मग हाताखालच्या माणसांना त्यांनी कसं घडवलं ते सुरू झालं. अकरा छत्तीसला सगळ्या चौकटी गेल्या.

"गेलं! बघ!" साहेब जवळजवळ आनंदानं ओरडले. "आता बोल! काय म्हणत होतीस, लाइन चांगली आहे?"

त्यांचं बोट सवयीनं ओकेकडे निघालं. बाईनं लॅपटॉप आपल्याकडे ओढला.

"थांबा. मी वाचते. 'तुम्हाला या बैठकीतून काढून टाकण्यात आलं आहे.'"

"कुणी? नेटनं?"

"नेटला कुणाला काढता येत नाही, साहेब. बैठक जो चालवतो त्यालाच काढता येतं."

साहेबांनी खुर्ची पुढे ओढली. मग म्हणाले, "परत जोड."

बाईनं परत जोडलं. स्क्रीनवर दुसरी पाटी आली. आत घेईपर्यंत वाट पाहावी, असं तिच्यावर लिहिलं होतं. ही पाटी साहेबांनी स्वतः वाचली. आयुष्यात त्यांनी शेकडो माणसांना केबिनबाहेर बाकावर बसवलं होतं, पण बाकावर बसायची वेळ त्यांच्यावर कधी आली नव्हती. कसं बसायचं तेही त्यांना कळेना. ते एकदा सरळ बसले, एकदा मागे टेकले. पावणेबारा झाले. बाईनं आपली अवजारं बॅगेत भरली, पण ती उठली नाही. बारा वाजले. बारा पाच झाले. आतून कुणी दार उघडलं नाही.

स्वयंपाकघरातून बायकोचा आवाज आला. "अहो, सापडलं का काय बिघडलंय ते?"

तंत्रज्ञ बाईनं साहेबांकडे पाहिलं. साहेबांनी मान वर केली नाही.

"बाई," ते अगदी हळू म्हणाले, "तिला तुम्ही सांगा ना, नेट गेलं होतं म्हणून."