खेळातला दुष्ट

मुलगा दूरच्या शहरात मोबाईलवरचे खेळ बनवायचा. एकदा त्याने आईला फोनवर नव्या खेळातला खलनायक दाखवला. सहा शिंगं, तोंडातून जाळ, हातात कुऱ्हाड.

"हा कसला मेला दुष्ट? हे तर बुजगावणं!" आई फटकन म्हणाली. "आरडाओरडा करणाऱ्याला माणूस चार दिवसांत विसरतं. जन्मभर लक्षात राहतो तो गोडबोल्या. मारत नाही, शिव्या देत नाही. 'पुढच्या महिन्यात नक्की हं' म्हणतो, आणि माणूस दाराकडे डोळे लावून झिजत राहतं."

मुलाने शिंगं पुसली, कुऱ्हाड काढून घेतली. आता तो खलनायक कैद्यांना हसून सांगायचा, "पुढच्या महिन्यात नक्की सोडतो हं." खेळ तुफान चालला.

"आई, लोक त्याच्या नावाने बोटं मोडतायत!" मुलगा फोनवर खिदळला. "तुला ते वाक्य सुचलं तरी कुठून गं?"

आईने मुलाच्या पलंगावरची न चुरगळलेली चादर आजही बदलली होती. तिच्यावरून हात फिरवत ती म्हणाली, "घरी ये, मग सांगते. कधी येतोस?"



"पुढच्या महिन्यात नक्की हं, आई!"